आतून कोसळलेली पूड

मित्रांनो, मी एक जुनी पूड आहे. बाटलीच्या तळाशी चिमूटभर उरले आहे. नाक मुरडू नका. कधीकाळी मी नामी उत्प्रेरक होते. दुसऱ्यांच्या अभिक्रिया झटपट घडवून द्यायच्या आणि आपण होतो तसेच राहायचे, हे माझे काम.

मला एका संशोधक ताईने घडवले. तांब्याचे आणि कोबाल्टचे क्षार व त्यांना जोडणारे सेंद्रिय दुवे द्रावकात घालून तिने पोलादी भांड्यात बंद केले आणि भट्टीत ठेवले. सगळे पुरते निवेपर्यंत झाकणाला हात लावला नाही. धातू माझे खांब, दुवे माझ्या तुळया, आणि आत असंख्य पोकळ खोल्या. तिथे एक धातू ऑक्सिजन धरून ठेवी, दुसरा काम उरके. मग ताई मला गाळून, धुऊन पुन्हा कामाला जुंपी. विभागप्रमुख सर येता-जाता म्हणत, "आमची पूड म्हणजे सोनं!" आमची, बरं का!

नवा घाणा निघाला की माझ्या खोल्यांत जड द्रावक अडकलेला असे. ताई मला रोज हलक्या, चटकन उडून जाणाऱ्या द्रावकात भिजवी आणि जड द्रावक पुरता निघून गेला की मगच मंद आचेवर सुकवी. पण कारखान्याचे पाहुणे यायचे ठरले आणि सरांना धीर निघेना.

"सर, अजून भिजवायला हवी. एकदम तापवली तर आतून कोसळेल," ताई म्हणाली.

"पाहुणे उद्या दारात आहेत. आण इकडे!"

सरांनी स्वतःच आच वाढवली. जड द्रावक ओरबाडून बाहेर पडला आणि जाताना माझे खांब पाडून गेला. बाहेरून पूड ती पूड, आत ढिगारा. पाहुण्यांसमोर अभिक्रिया ढिम्म हलली नाही. सर हसून म्हणाले, "पोरीनं सुकवताना घोळ घातला. नवखी आहे." मला अजून त्या हसण्याचा संताप येतो.

पुढे तिचे सामान न्यायला तिचे बाबा आले.

"चूक तुझी होती का गं?"

"नाही, बाबा."

"मग बोलली का नाहीस?"

"पदवीसाठी सही त्यांचीच लागते."

सही मिळाली. त्यासाठी प्रबंधात तिला लिहावे लागले, "सुकवताना माझ्याकडून चूक झाली." इथली मुले सांगतात, त्यानंतर ताई कुठल्याच प्रयोगशाळेची पायरी चढली नाही.

वस्तू जपा, असे मी आता म्हणायला हवे. पण मित्रांनो, पूड पुन्हा बनवता येते. मला नसते जपले तरी चालले असते. तिला जपायला हवे होते.