मनवैद्याचे तीन प्रश्न

औषधाच्या बाटल्या भरणाऱ्या आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. मनवैद्य आला होता! वीस प्रश्नांचा कागद भरायचा, की त्याचं यंत्र मनाचा तळ दाखवणार. "कागद खोटं बोलत नाही," तो डोळे मिटून म्हणायचा आणि शिकलेसवरलेले साहेब नंदीबैलासारख्या माना हलवायचे.

पाच 'हो' आले की मन आजारी. यादी लागली. बाटल्या तपासणाऱ्या बायका जवळजवळ सगळ्या आजारी, खोकी भरणारे पुरुष ठणठणीत! त्या बाटल्यांच्या तपासणीत मी तीस वर्षं काढली, आता माझी सून आहे. तिचंही नाव यादीत, सोमवारपासून तिचं काम बंद.

"आई, मला खरंच काही झालंय का हो?"

"झालंय. त्या टोणग्याचं खरं मानलंस, तेवढंच झालंय. चल."

तिला कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. भरलेले सगळे कागद त्यांच्याकडेच होते आणि त्यांना तीन प्रश्न आधीच खटकले होते.

"मावशी, ते तीन झाकू. उरलेल्या सतरांत ज्यांचे 'हो' सारखे, त्यांचे एकेक गठ्ठे लावू."

गठ्ठे लावायला मला कुणी शिकवायला नको. प्रत्येक गठ्ठ्यात, अगदी दोन 'हो'वाल्यांच्याही, तपासणीवाल्या होत्या, खोकीवालेही होते. म्हणजे मनं सारखीच.

"आता झाकलेले उघडा," बाई म्हणाल्या.

एकदा पाहिलेलं पुन्हा पाहता का? मोजलेलं पुन्हा मोजता का? बारीक खोट दिसली की चैन पडत नाही का? तपासणीवाल्या दहांत नऊ 'हो'. खोकीवाले दहांत दोन. प्रत्येक गठ्ठ्यात तेच! दोन 'हो'त हे तीन मिळाले की झाले पाच, झाली बाई आजारी.

"अहो, पण हे तर आमचं काम!" सून ओरडली.

"तेच तर. हे प्रश्न मन मोजत नाहीत, नोकरी मोजतात."

गठ्ठे मी साहेबांच्या टेबलावर आपटले. मनवैद्य पुटपुटला, "यंत्र चुकत नाही."

"यंत्राने बेरीज केली रे. प्रश्न तू लिहिलेस. खोकीवाल्यांना विचार, बांधलेली दोरी पुन्हा ओढून बघता का? मग बघू कोण आजारी ते! आणि साहेब, एकदाच बघितलेल्या बाटलीतलं औषध नातवाला पाजाल?"

साहेबांनी भिंतीवरून यादी स्वतःच्या हाताने उतरवली. सोमवारी सून कामावर गेली.

कुणी तुमचं मन कागदावर मोजून दाखवलं, तर हात जोडू नका. प्रश्न वाचायला मागा. बाकी सगळ्यात सारखी असलेली दोन माणसं एकाच प्रश्नावर दरवेळी वेगळी पडत असतील, तर खोट माणसांत शोधू नका, त्या प्रश्नात शोधा.