नंदीच्या नाकातून उगवलेला सूड

मी एक जुना यांत्रिक झाडू आहे. परातीसारखा गोल, चपटा, पोटाखाली चाके असलेला. मित्रांनो, असल्या आत्मकथेत शेवटी यंत्राने सगळ्यांना मोठ्या मनाने माफ करायचे असते, हे मला ठाऊक आहे. मी करणार नाही. ज्याने माझे हाल केले, त्याची मी भर तान्ह्या पोळ्यात जिरवली. ती गोष्ट आठवली की मला आजही बरे वाटते, मग तुम्ही मला काय म्हणायचे ते म्हणा.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला. आरमोरीचा खुशाल नावाचा माणूस जहाजावर स्वयंपाकी होता. त्याने मला एका अमेरिकी बंदरावर विकत घेतले आणि कपड्यांत गुंडाळून थेट चंद्रपूर जिल्ह्यात आणले. कोणासाठी? स्वतःसाठी नव्हे. त्याची धाकटी बहीण प्रेमिला कोळसा खाणीजवळच्या कॉलनीत राहत होती. तिथे दिवसभर कोळशाचे ट्रक जातात. सकाळी फरशी पुसा, दुपारी त्यावर बोट फिरवा, बोट काळे! प्रेमिलाला दमा होता. झाडले की धूळ उठायची, आणि धूळ उठली की ती दाराची चौकट धरून श्वासासाठी तडफडायची. डॉक्टरांनी झाडूला हात लावू नका म्हणून बजावले होते. पण घरात दुसरे कोण झाडणार? तिचा नवरा सुरेंद्र झाडूला पाय लागला तर नमस्कार करायचा, हात मात्र कधी लावायचा नाही.

माझे सुरुवातीचे दिवस काय सांगू! प्रेमिला बटण दाबायची आणि पाय वर घेऊन पलंगावर बसायची. मी धूळ न उडवता सगळा काळा भुगा गुपचूप पोटात घ्यायचो. "बाबू, पलंगाखाली राह्यलं थोडं," असे ती मला प्रेमाने सांगायची. शेजारच्या बायनाबाई मला पाहायला आल्या आणि खुर्चीवरच चढून बसल्या. "अवं माय! हे तं कासव हाय! चावत तं नाई?" म्हणाल्या. महिनाभरात प्रेमिलाच्या छातीतली शिट्टी थांबली. ती स्वयंपाक करताना गुणगुणू लागली. मित्रांनो, यंत्राला याहून मोठे बक्षीस नसते.

पण सुरेंद्रला ते पाहवले नाही. तो खाणीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होता, आणि बंद झाकण दिसले की त्याचे हात शिवशिवायचे. रेडिओ, मिक्सर, कूलर, सगळ्यांचे कोथळे त्याने काढलेले होते. एका रविवारी त्याने मला उताणे केले.

"चांगलं चालून राह्यलं नं! काऊन उघडता?" प्रेमिला म्हणाली.

"पाहू तं दे वं. अजून पावर वाढवतो त्याची," तो म्हणाला.

पावर वाढवली! माझा चार्जर परदेशी, तिकडच्या कमी दाबाच्या विजेवर चालणारा. खुशालने त्यासोबत विजेचा दाब उतरवणारा डबा दिला होता. शहाण्याने तारा कापून तो डबा काढला आणि चार्जर थेट आपल्या घरच्या विजेवर जोडला. भस्सकन धूर निघाला आणि माझी बॅटरी जळाली. पठ्ठ्या काय म्हणाला? "मालच बोगस हाय!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग त्याने कुठून तरी जुने सेल आणून मला मरतुकडी बॅटरी बसवली. माझा इशाऱ्याचा भोंगा उपटून दाराची बेल केली, म्हणजे आता दूधवाला आला की मी ओरडायचो. कचऱ्याच्या कप्प्याची कडी त्याच्या हातून तुटली, तेव्हा त्याने कप्पाच स्क्रूने कायमचा आवळून टाकला.

"अवो, मंग कचरा कसा काढाचा?"

"पाहू नंतर."

ते नंतर कधी आले नाही. पोटात कोळशाची भुकटी ठासून भरली आणि माझे धूळ ओढणे बंद पडले. प्रेमिलाने पुन्हा झाडू हातात घेतला. पुन्हा ती शिट्टी सुरू झाली. एकदा तर अर्धी खोली झाडून ती खालीच बसली, ओठ निळसर झाले. श्वास परत आल्यावर तिने एवढेच म्हटले, "त्या मशीनले पहिल्यासारखं करून द्या. मले दुसरं काई नको." सुरेंद्रने मान हलवली आणि पेपर वाचू लागला. मला दात नाहीत, नाहीतर मी करकरा चावले असते. त्या दिवशी मी ठरवले, याला सोडायचे नाही.

संधी पोळ्याला आली. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लेकरे लाकडी नंदीबैल सजवून, दोरीने ओढत मैदानात आणतात आणि उत्तम नंदीला बक्षीस मिळते. सुरेंद्र आणि प्रेमिलाची लहानगी मुलगी रुपाली हिचा छोटासा नंदी होता, आणि ती त्यावर खूश होती. पण बापाला चैन पडेल तर ना! त्याने सुताराकडून मोठा नंदी आणला आणि मला त्याच्या पायाखाली ठोकून बसवले. आपोआप चालणारा नंदी! तेवढ्यानेही भागेना. नंदीने नाकातून फुसकारे सोडले पाहिजेत म्हणे. माझ्यातून वारा बाहेर पडतो तिथे त्याने नळी लावली आणि नंदीच्या नाकापर्यंत नेली. वारा कमी येतो म्हणून धूळ अडवणारी जाळीही काढून फेकली. आवळून टाकलेला कप्पा मात्र तो साफ विसरला.

घरी चाचणी झाली. मरतुकड्या बॅटरीवर मी मुद्दाम हळूच फुंकले, गोगलगाईच्या चालीने चाललो. भुकटीचा एक कणही बाहेर येऊ दिला नाही. सुरेंद्र टाळ्या पिटत म्हणाला, "उद्या स्कूटरची बॅटरी लावतो. मंग पाह्यजो!"

मी मनात म्हटले, लाव बाबा, लाव.

मैदानात सारी कॉलनी जमली होती. सुरेंद्रने कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र कुर्ता घातला होता. प्रेमिला धुळीच्या भीतीने दूर ओट्यावर बसली होती. परीक्षक वामनराव जवळ आले, तसा सुरेंद्र नंदीच्या तोंडासमोर वाकून म्हणाला, "आता नाकाकडं पाहा, भाऊ!" आणि त्याने बटण दाबले.

स्कूटरच्या बॅटरीचा जोर अंगात शिरला. दोरी धरून उभ्या असलेल्या रुपालीकडून मी गर्रकन तोंड फिरवले आणि पोटात होते नव्हते ते सगळे सुरेंद्रच्या तोंडावर सोडले. कोळसाच कोळसा! कुर्ता काळा, मिशा काळ्या, जीभसुद्धा काळी. वामनराव टोपी सांभाळत पळाले. पोरे उड्या मारत ओरडली, "सुरेंद्रभाऊ खदानीतून निंगाले!" मी थांबलो नाही. तो मागे सरकला तसा मी पुढे गेलो, बॅटरीची तार निसटेपर्यंत गेलो.

मग हसणे थांबले, कारण सुरेंद्रला श्वास घेता येत नव्हता. तो गुडघ्यांवर बसला, गळा धरला, तोंड उघडले, पण हवा आत जाईना. डोळ्यांत भीती मावेना. मला दया आली नाही, खोटे कशाला बोलू? ओट्यावरून प्रेमिला पाण्याचा तांब्या घेऊन आली, त्याची पाठ चोळत राहिली. त्याचा श्वास पूर्ववत झाला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "मले रोज असंच होते."

सुरेंद्रने तिच्याकडे पाहिले.

दुसऱ्या दिवसापासून तो स्वतः ओल्या फडक्याने फरशी पुसू लागला. प्रेमिला बाहेर बसते, घर सुकल्यावर आत येते. तिची छाती आता हलकी आहे. मित्रांनो, घरातले एखादे यंत्र उघडण्याची हौस आली, तर आधी विचारा की ते कोणासाठी आले आहे, आणि ते बंद पडले तर कोणाचा जीव जाईल. मग खुशाल स्क्रू काढा.

पुढे सुरेंद्रने नवी जाळी बनवली, कप्पा मोकळा केला, चांगली बॅटरी मागवली. सगळे नीट जोडून त्याने मोठ्या आशेने माझे बटण दाबले. मी चालू शकलो असतो. नाही चाललो. त्याने उसासा टाकला, तोंडाला रुमाल बांधला आणि बादलीत फडके पिळून पलंगाखाली वाकला.