मी ≥, बरोबरीत आलेल्यांना आत घेणारं

मी बोलतंय, ≥. दचकू नका, गणिताचा तास घेणार नाही. मला वाचायचं असं: 'पेक्षा मोठं किंवा तेवढंच'. उघडं तोंड मोठ्याच्या बाजूला, आणि खालची रेघ म्हणजे बरोबरीत आलेल्यालाही 'या, बसा'. माझा भाऊ > दिसायला माझ्यासारखाच, पण भारी कडक. बरोबरीत आलेल्याला तो दारातूनच परत पाठवतो. त्या एका रेघेचा मला गर्व आहे. का नसावा?

कागदावर मी चुटकीसरशी जन्मतं. कळफलकावर मात्र भावाला जागा आहे, मला नाही. मग लोक भावालाच टाइप करतात आणि खाली अधोरेखित करतात. दिसतं मीच, पण रेघ नुसती चिकटवलेली.

एका क्रीडासंकुलाच्या कार्यालयात हेच झालं. प्रशिक्षक बाईंनी संघनिवडीचा नियम सांगितला: लांब उडी ≥ ४ मीटर. तिथल्या नव्या टायपिस्ट मुलीने मला असंच अधोरेखित करून उभं केलं. मग मजकूर कार्यालयाच्या ठरलेल्या साच्यात टाकला, आणि साच्याने अक्षरांखालच्या सगळ्या रेघा गिळल्या. फलकावर लागला तो भाऊ!

निवडीला एक हडकुळी मुलगी आली होती. सगळे तिला काडी म्हणत. संघात आली तरच तिला वसतिगृहात खोली मिळणार होती. घरून रोज येणं शक्यच नव्हतं. तिने उडी मारली. टेप लागली. बरोबर चार.

बाईंनी टाळी वाजवली. कार्यालयातल्या कारकुनाने फलकाकडे बोट दाखवलं.

"चारपेक्षा जास्त हवी, बाई."

"अहो, चार चालतात! मीच सांगितलाय ना नियम?"

"फलकावर आहे ते खरं. उद्या दुसऱ्या पोरींचे आईबाप माझ्या डोक्यावर बसतील."

काडी खाली बसून बुटातली वाळू झाडत राहिली. बूट कधीच रिकामा झाला होता.

खिडकीतून टायपिस्ट मुलगी ऐकत होती. दार आपटलं तरी हिच्या काळजात धस्स व्हायचं. पण ती बाहेर आली. "काका, रेघ होती हो खाली. माझ्या फाइलमध्ये अजून आहे, येऊन बघा. साच्यात टाकताना गेली."

कारकुनाने पडद्यावर पाहिलं. "बरं. पण पेनाने ओढलेली रेघ मी मानणार नाही. नवी छापून आण, संकुलाच्या साहेबांच्या सहीने. आणि लवकर, साहेब निघालेत."

टायपिस्ट मुलगी लगेच खुर्चीत बसली. या वेळी तिने भावाला हातच लावला नाही. कुठेतरी वाचलेला माझा संकेतांक, 2265, इंग्रजी आकड्यांत टाइप केला, आल्ट दाबून एक्स दाबलं. आकडे गायब, आणि तिथे मी. अख्खं, एकसंध!

"अगं बाई!" ती खुर्चीतून उडालीच.

मग साच्यात टाकलं. जीव मुठीत धरून बघितलं. रेघ जागच्या जागी! कारण आता ती माझ्या अंगाचीच होती.

साहेबांनी जिन्यात उभ्या उभ्या सही केली. कारकुनाने चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "मोठी किंवा तेवढीच. म्हणजे चार चालतात." काडीकडे वळून तो म्हणाला, "बूट घाल गं, तुझी खोली बघायचीय ना?"

तेव्हापासून मी या फलकावर आहे. उन्हाने कागद पिवळा पडलाय, पण मी ताठ. तुम्हाला एवढंच सांगणं: मला बोलवायचं तर अख्खं बोलवा. माझ्या रेघेवर कुणीतरी उभं असतं.

आता गप्प बसतं. मैदानावर कुणीतरी धाव घेतलीय, मला बघायचंय.