दमामाच्या पोटातलं नाव

मी दमाम बोलतोय. शहरातल्या बसवनगुडीत नरसिंहरावांच्या घरी, दसऱ्याला हौसेनं मांडतात त्या बाहुल्यांखाली आडवा पडलेला ढोल, तो मीच. माझ्या पाठीवर शेट्टी-शेट्टीणीची मातीची जोडी धान्याचं दुकान मांडून बसली आहे.

माझा जन्म यल्लापूरच्या रानातला. या घरात जन्मभर राबलेल्या गंगव्वाच्या आजोबांनी फणसाचं खोड पोखरून मला घडवलं. ती सिद्दी माणसं. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणलं आणि गोव्याच्या बाजारात गुरांसारखं विकलं. त्यातली एक बाई मालकाघरून पळाली, घाट चढून रानात शिरली. तिचंच हे कुळ.

तिची भाषा गेली, देव गेले, गाव कुठलं तेही कुणाला ठाऊक नाही. उरलं फक्त तिचं नाव. ते एरवी तोंडात आणायचं नाही, अशी या कुळाची रीत. नवरात्रात एक दिवस मोठ्यांचा, म्हणजे गेलेल्या पूर्वजांचा. त्या दिवशी घरातल्या बाईनं मला जाळावर शेकायचं आणि थाप मारत एकेका मेलेल्याला हाक घालायची. आधी कालपरवा गेलेले, मग त्यांच्या आधीचे, अगदी शेवटी ती. मग सगळ्यांना भात-नारळ वाढायचा. बोलावून उपाशी ठेवलं, तर ती माणसं पुन्हा येत नाहीत.

नरसिंहरावांच्या वडिलांचा त्या रानात लाकडाचा धंदा होता. त्यांनी गंगव्वाला लहानपणीच इथे आणलं. "आमच्या घरचीच आहे हो ती," असं सगळे कौतुकानं सांगत. घरच्यांना पगार थोडाच देतात? माणसं विकणं बंद झालं म्हणतात. मला तरी फारसा फरक दिसला नाही.

पुढे रानात देवीची साथ आली. तिचा एकटाच वाचलेला भाऊ कल्लाप्पा मला खांद्यावर घालून इथवर आला. "अक्का, नावं आता तुला एकटीलाच ठाऊक. हा तुझ्याकडेच असू दे." पुढच्या पावसाळ्यात तोही गेला. गंगव्वा दर वर्षी त्या एका दिवसाची रजा मागायची आणि दर वर्षी घरात काहीतरी निघायचंच.

एकोणीसशे सत्तावन्नच्या दसऱ्यात मालकीणबाईंना, अनुसूयाबाईंना, मी आठवलो. बाहुल्या बघायला आलेल्या बायकांना काहीतरी नवं दाखवायचं होतं. "गंगव्वा, तुझा तो ढोल वाजव की!"

गंगव्वाचे डोळे भरून आले. रानात नाही तर इथे! तिनं मला शेगडीवर शेकलं, केळीच्या पानावर भात-नारळ मांडला आणि थाप मारली. कल्लाप्पा, आई, आजी... किती वर्षांनी मी जिवंत झालो! एक एक नाव मागे जात गेलं. आता ती जहाजातली बाई एकटीच उरली होती.

तेवढ्यात अनुसूयाबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "स्वल्प थांब गं. आरतीला उशीर होतोय."

"अम्मा, बोलावलंय त्यांना. एकच राहिलीय."

"सरी, बरं, उद्या वाजव. कुठे पळून चाललेत ते?"

बाई दुष्ट नव्हत्या, हेच तर वाईट. आरती होईपर्यंत कुणीतरी पानावरचा भात पुण्य लागतं म्हणून गाईला घालून आलं.

गंगव्वानं मला पुन्हा हात लावला नाही. "आता कुठल्या तोंडानं बोलावू?" एवढंच पुटपुटली. एकसष्टच्या थंडीत ती वारली. घरच्यांनी तिचं सगळं रीतसर केलं. तिच्या नावानं हाक मात्र कोण घालणार?

माझं कातडं आता उंदरांनी कुरतडलंय. एवढं सगळं तुम्हाला सांगितलं, पण ते नाव मला सांगता येत नाही. ते थापेनंच निघायचं, आणि तो हात आता नाही. बाहुल्या खुशाल मांडा. फक्त 'आमच्या गंगव्वाचा ढोल' म्हणून कुणाला दाखवू नका. त्या दिवशी बाकीचे सगळे आले आणि उपाशी गेले. ती जहाजातली बाई तेवढी आलीच नाही. तिला कुणी बोलावलंच नाही.