फिरत्या घराची वास्तू

आमच्या घरात अकलेला तोटा नाही. ती सगळी सासऱ्यांच्या टोपीखाली जमा आहे, एवढंच.

माझ्या नवऱ्याने, हर्षलने, जुन्या टेम्पोत गादी, ओटा, शेगडी बसवून फिरतं घर केलं, तेव्हा दाराच्या बिजागऱ्या पुढच्या बाजूला होत्या. मग सासऱ्यांनी, आबासाहेबांनी, वास्तुवाला आणला. तो गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, दार उजवीकडे उघडलं पाहिजे. झालं! बिजागऱ्या मागे, कडी पुढे. दर वळणावर तोंड फिरवणाऱ्या घराला म्हणे वास्तू!

पळत्या गाडीत वारा थेट कडीच्या फटीत शिरतो. राहुरीपुढे वरची बिजागरी ढिली झाली, दार झुकलं, कडी सुटली आणि दार धाडकन उघडलं. सृष्टी माझ्या मांडीवर झोपलेली. दोन वर्षांचं माझं पाखरू, त्याचं इवलंसं पाऊल वाऱ्यात लोंबत होतं. झोपेतच ती गालात हसली. मी मात्र तिला इतकं आवळलं, की शेवटी रडायलाच लागली.

घरी येऊन हर्षलने स्क्रूच्या भोकात काडेपेटीच्या काड्या कोंबल्या.

"बसली घट्ट."

"मागच्या वेळीही बसली होती," मी म्हटलं. "बिजागरी पुढे घ्या."

"आबांना कोण सांगणार?"

"वा रे इंजिनीअर!"

आबासाहेब ओसरीवरूनच गरजले, "स्क्रू हलके आणले त्यानं. दिशेला नावं ठेवू नगा, सूनबाई."

"बरं आबा. उद्या भंडारदऱ्याला निघायचंय. सृष्टीच्या जागेवर आधी तुम्ही बसा. कारखान्यापर्यंत एक चक्कर मारू."

"बसतो की! भितो काय मी?"

बसले. पोरगी घरी सासूबाईंजवळ. उसाचे ट्रॅक्टर मागे टाकत हर्षलने वेग धरला. दार आधी खडखडलं, मग थरथरलं. आबांनी एका हाताने गादी धरली, दुसऱ्याने कडी. काड्या भुरूभुरू उडाल्या. दार उघडलं आणि टोपी गेली उसात.

"थांबीव! आरं, थांबीव!"

गाडी थांबली. आबांनी उघड्या दारातून खाली रस्त्याकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाले, "पोरगी हितं बसती?"

"मांडीवर असते माझ्या."

परतल्यावर त्यांनी स्वतः ड्रिल आणलं. बिजागऱ्या पुढे गेल्या, आतून पत्रा लावून नटबोल्टनी आवळल्या. भीमाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, विचारलं, "आन् वास्तुवाला?"

"त्याला बसवा दाराशी," आबा म्हणाले, आणि नटाला आणखी एक पीळ दिला.