तुळसाची आत्या

"जीभ बाहेर काढा," डॉक्टर म्हणाले.

रंगूबाईने काढली. ती दातांच्या पुढे फारशी आलीच नाही. डावी बाजू आखडून आत ओढली गेली होती. डॉक्टरांनी बोटाने चाचपून पाहिलं. गाठ हाताला लागत नव्हती आणि जखमही भरून आली होती. त्यांचा चेहरा उजळला.

"छान. आता बोला. नाव सांगा तुमचं."

रंगूबाईने भावाकडे बघितलं. गेणू पुढे सरकला. "ती न्हाय बोलत, सायेब."

"बोलता येत नाही?"

"येतंय का न्हाय, ते आमाला बी ठावं न्हाय. दोन म्हैनं झालं, तिनं तोंडच उघडलं न्हाय. तुमीच म्हनला व्हता नव्हं, जीभ जपून वापरा. ती वापरतच न्हाय. राखून ठिवलीय."

"कशासाठी?"

गेणू लाजला. "बारशासाठी. मंडळी दिवसांत हाय आमची. आठ वर्सांनी. आक्का एकलीच सख्खी आत्या. नाव तिनंच ठिवायचं."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"अहो बाई, जीभ म्हणजे काय तुपाची बरणी आहे, कमी काढलं तर जास्त दिवस पुरायला? जपा म्हणजे मिश्री लावू नका, तिखट खाऊ नका. गप्प बसा असं कोण म्हणालं? न हलवली तर तिचं लाकूड होईल. आजपासून बोला. मोठ्यानं बोला. भांडायला आहे का कोणी गावात?"

"हाय," रंगूबाई म्हणाली. तिच्या तोंडून दोन महिन्यांनी निघालेला तो पहिला शब्द. तो जरा घरंगळत आला, पण आला.

ही गोष्ट एकोणीसशे चौतीस-पस्तीसच्या सुमाराची. बारामतीच्या गुरुवारच्या बाजारात रंगूबाईचा आवाज माहीत नाही असा माणूस तेव्हा सापडला नसता. कालव्याच्या पाण्यावर भावाबरोबर ती वांगी, गवार, दोडका पिकवायची आणि बाजारात स्वतः बसून विकायची. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. पण तिच्याकडे बघून कोणाला कीव आली नाही, कारण तिने तशी सवडच कोणाला दिली नाही. तिची "वांगीऽ काटंरी वांगीऽ" ही हाक बाजाराच्या या टोकाला निघाली की त्या टोकाला बैल कान टवकारायचे.

जिभेच्या कडेला फोड आला, तो बरा होईना. मिश्रीने तोंड आलं असेल म्हणून तिने हळद लावली, तूप लावलं. फोडाची गाठ झाली तेव्हा गेणू तिला मुंबईच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथे जिभेत रेडियमच्या सुया टोचून आठवडाभर तशाच ठेवल्या. प्रत्येक सुईला दोरा, आणि ते दोरे ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर काढून गालाला चिकटवलेले. पाणीसुद्धा नळीतून. त्या आठवड्यात रंगूबाईने खाटेवर बसून बाळासाठी खणाची कुंची शिवली. सारजाने म्हणजे गेणूच्या बायकोने तिथे यायचं नाही, गरोदर बाईला त्या सुया बाधतात, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. नर्स यायची आणि बघून हसायची. तोंडातही सुई-दोरा, हातातही सुई-दोरा. रंगूबाईला हसता येत नव्हतं, म्हणून ती डोळे मिचकावायची.

डॉक्टरांनी बोला म्हणून सांगितलं, त्या तपासणीनंतर मुंबईहून परतल्यावर पहिल्याच गुरुवारी ती टोपली घेऊन बाजारात बसली. तिने दम घेतला आणि हाक दिली. वांग्यातला ग हरवला, काट्यातला ट चेंदामेंदा होऊन आला. आजूबाजूच्या बायका गप्प झाल्या. शेजारी पेरूवाला अय्युब बसायचा. तो तिच्याइतकाच म्हातारा आणि तिच्याइतकाच तोंडाळ. तो म्हणाला, "रंगूबाई, काय इकताय ते कळंना, पर घ्यावंसं वाटतंय बगा!"

"तुज्या पेरूत किडं हायती, ती इकतीया," रंगूबाई म्हणाली. हे मात्र सगळ्यांना कळलं. बायका हसल्या आणि बाजार पुन्हा सुरू झाला.

त्यानंतर ती दर गुरुवारी ओरडली. घरी बैलांशी बोलली, कोंबड्यांना शिव्या दिल्या. अक्षरं एकेक करून परत येत होती, काही अर्धवट. एक चमत्कारिक गोष्ट तिच्या ध्यानात आली. मोठ्याने काढला तर शब्द निभावून जायचा. हळू बोललं की तो लाळेतच विरघळायचा. आणि बारशाला तर बाळाच्या कानात हळूच सांगायचं असतं.

नाव तिने आधीच ठरवलं होतं. मुलगी झाली तर तुळसा, मुलगा झाला तर तुळशीराम. तुळसा त्यांची आई. रंगूबाई रोज संध्याकाळी ओट्यावर बसून ते नाव पुटपुटायची. पहिलं अक्षर दातांना टेकेना, दुसरं वळेना, तिसऱ्याचा नुसता वारा व्हायचा.

शेळगावची चुलत बहीण फुलाबाई भेटायला आली होती. तिने काही वेळ ऐकलं आणि म्हणाली, "आक्के, भामा ठिव की. नुसत्या व्हटावर येतंय. जिभंचं कामच न्हाय."

"भामा कोन?"

"कोन म्हंजी? नाव हाय."

"माज्या आईनं मला पाठीला बांधून बाजार केला. तिचं नाव तुळसा व्हतं," रंगूबाई म्हणाली. हे इतकं लांबलचक वाक्य तिला दोनदा सांगावं लागलं. फुलाबाईने पुन्हा भामाचं नाव काढलं नाही.

सारजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी पणदऱ्याला गेली. तिथे तिला मुलगी झाली. पाचवीला गेणू कुंची देऊन आला. दोन दिवसांनी पणदऱ्याहून म्हस्कू गडी सांगावा घेऊन आला. बारसं अमुक दिवशी, सगळ्यांनी यावं. मग पागोटं सारखं करत तो खाली बघून म्हणाला, "आन द्वारकाबाईंनी सांगितलंय, शेळगावच्या फुलाबाईस्नी घिऊन या. नाव त्या ठिवतील."

द्वारकाबाई म्हणजे सारजाची आई. गेणूचा चेहरा पडला. रंगूबाई चुलीपुढची उठली आणि म्हस्कूला भाकरी वाढत म्हणाली, "फुलीला आनतू की. घुगऱ्या खायाला."

बारशाच्या दिवशी गाडी पणदऱ्यात पोचली तेव्हा ओसरीवर पुरुष बसले होते आणि आत पाळणा बांधला होता. द्वारकाबाई उंबऱ्यातच उभी होती. ती वाईट बाई नव्हती. तिने रंगूबाईचे हात धरले.

"राग मानू नगा, इहीनबाई. माजी एकच ल्येक, तिला आठ वर्सांनी झालंय. तोंडाचा रोग तुमचा. त्या तोंडाचा वारा लेकराच्या कानात..."

"डॉक्टर म्हनला, लागत न्हाय."

"डॉक्टरचं हाय व्हय लेकरू?"

रंगूबाईचे हात द्वारकाबाईच्या हातात तसेच राहिले. मागे फुलाबाई जमिनीकडे बघत उभी होती.

आतून सारजाचा आवाज आला. "आये, पाचवीपासनं पोरीच्या डोक्यावर काय हाय?"

"कुंची हाय."

"ती वन्संनी शिवलीया. तोंडात सुया घालून बसल्या व्हत्या तवा. रोग लागायचा तर तवाच लागला असता. येऊ दे त्यास्नी."

द्वारकाबाईने हात सोडले आणि ती बाजूला झाली.

पाळण्यात मुलगी झोपली होती. कुंचीची झालर कपाळावर आली होती. रंगूबाईने झालर मागे सारली, पदराने स्वतःचे ओठ कोरडे करून घेतले आणि वाकली. बायका सभोवती गोळा झाल्या. आत्याने कानात कुर्र करून नाव सांगितलं की तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत. ज्यांचं आत्याशी जुनं भांडण असतं त्या या वेळी पदर खोचूनच उभ्या राहतात.

"कुर्रर," रंगूबाई म्हणाली. मग तिने नाव सांगितलं. ते कसं उमटलं ते त्या पोरीलाच ठाऊक. बाकी कोणाला ऐकू आलं नाही.

फुलाबाईचा हात वर गेला. पण वाकलेल्या पाठीवर लुगड्याखालून मणके दिसत होते. तिने पाठीवर बसलेली माशी उडवावी तसा हात लावला. दुसरीने तेवढंही केलं नाही, नुसती बोटं टेकवली. तिसरी मागेच सरकली.

रंगूबाई वाकलेलीच राहिली.

"काय झालं? उटवा गं त्यास्नी!" द्वारकाबाई घाबरून म्हणाली.

"मारा की!" रंगूबाई पाळण्यात तोंड घालूनच म्हणाली. शब्द फाटका होता, पण सगळ्यांना कळला. "आत्या हाय मी, का मढं?"

कोणी हललं नाही. मग सारजा उठली. बाराव्या दिवसाची ओली बाळंतीण, भिंतीला धरून पाळण्याच्या या बाजूला आली. तिने मूठ वळली, आणि आठ वर्षं नणंदेच्या हाताखाली राबलेल्या सुनेची सगळी ताकद लावून रंगूबाईच्या पाठीत एक सणसणीत धपाटा हाणला.

तो ओसरीवर ऐकू आला. गेणू दचकून उभा राहिला.

"आता सांगा वन्सं, काय ठिवलं नाव?"

रंगूबाई सरळ झाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एवढ्या माराने कोणाच्याही आलं असतं. तिने गुरुवारच्या बाजारात घ्यायची तसा दम घेतला.

"तुळसाऽऽ!"

ळ थोडा घसरला, पण पुढच्या लांबवलेल्या सुराने त्याला सावरून घेतलं. पोरगी दचकून उठली आणि टाहो फोडून रडायला लागली. गोठ्यात बैलाने मान वर केली. बायका हसत सुटल्या आणि मग बाकीच्यांचेही धपाटे पडायला लागले, खरेखुरे.

दीड वर्षाने ती गाठ मानेत उतरली. तेव्हा तुळसाला कुंची आखूड झाली होती आणि ती "आत्ती" म्हणायला शिकली होती. पण त्या दुपारी पणदऱ्यात ते कोणालाच माहीत नव्हतं. रंगूबाई तर तेव्हा कमरेवर हात ठेवून, कण्हत कण्हत घराबाहेर आली. घुगऱ्या चावता येत नाहीत म्हणून तिने त्या पदरात बांधून घेतल्या होत्या.

द्वारकाबाई गाडीपर्यंत पोचवायला आली. "लई लागलं का वो?"

"लई," रंगूबाई म्हणाली, आणि तिला दिसावं म्हणून पाठ तिच्याकडे वळवून उभी राहिली.