नाकवाल्यांच्या द्राक्षसहलीचा नकाशा

मी नकाशा बोलतोय. मोबाइलमधला नव्हे, कागदाचा. एकदा उघडला की पुन्हा मूळ घडीत बसत नाही आणि ज्याच्यावरून चांगली सुशिक्षित माणसं गाडीत भांडतात, तो. माझ्यावर सत्तावीस द्राक्षमळे आहेत. प्रत्येकाच्या जागी जांभळा घोस छापलाय आणि घोसात आकडा. त्यातला एकोणिसावा घोस छापताना सरकला आणि थेट नदीच्या मधोमध जाऊन बसला. त्या मळ्याचा मालक म्हणे वर्षभर छापखान्याला फोन करून विचारत होता, की गिऱ्हाइकांना होडी द्यायची का.

छापखान्यातून मी पर्यटन कचेरीतल्या लोखंडी मांडणीवर आलो. एका बाजूला दातांच्या दवाखान्याचं पत्रक, दुसऱ्या बाजूला ‘चार आठवड्यांत पोहायला शिका’. लोक मला उचलायचे, उकडत असलं तर वारा घ्यायचे आणि परत ठेवायचे. पंखा म्हणून माझं बरं चाललं होतं.

मग एके दिवशी कचेरीच्या पडद्यांचं माप घ्यायला एक बाई आल्या. पडदे शिवणं हा त्यांचा धंदा. टेप गळ्यात, टाचण्या ओठांत. खिडकी मोजता मोजता त्यांना मी दिसलो. कारकून म्हणाला, फुकट आहेत, दोन घ्या. त्या टाचण्या सांभाळत म्हणाल्या, “नवरा एकच आहे, एक पुरे.”

बाईंचं घर बेकरीच्या वरच्या मजल्यावर होतं. बेकरी त्यांच्या यजमानांची. गल्लीत त्यांना सगळे ‘नाकवाले’ म्हणायचे. एक तर नाक तसं मोठंच होतं. पण खरं कारण वेगळं होतं. नाकवाले दुकानात गिऱ्हाइकाशी गप्पा मारत उभे असायचे आणि मध्येच मागे वळून सांगायचे, की तिसऱ्या ट्रेला अजून दोन मिनिटं लागतील. न बघता, नुसत्या वासावरून. मागे भट्टीपाशी त्यांची लेक असायची, ती दोन मिनिटांनी ट्रे काढायची आणि पाव बरोबर झालेले असायचे.

त्या संध्याकाळी बाईंनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलं, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि जाहीर केलं, की पुढच्या महिन्यात जोडून तीन दिवस सुट्टी आहे, बेकरी बंद राहील, आपण द्राक्षमळे बघायला जाणार. अकराव्या घोसाजवळ एक अतिथीगृह आहे, त्याच्यासाठी तीन वर्षांपूर्वी त्यांनी अठरा पडदे शिवून टेम्पोने पाठवले होते. ते खिडकीवर कसे पडलेत, हे त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. शिवाय लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि इतक्या वर्षांत दोघं मिळून कुठे गेले असतील, तर लोकांच्या लग्नांना.

नाकवाले म्हणाले, बघू.

पुढच्या रविवारी जावई कामाला लागले. ते रेल्वेत वेळापत्रकं बनवायचे आणि घरीही तेच करायचे. त्यांनी माझ्यावर तीन रंगांचे मार्कर चालवले. हिरवा म्हणजे बघायलाच हवा, पिवळा म्हणजे वेळ उरला तर, आणि गुलाबी म्हणजे स्वच्छतागृह. मग तीन पानी वेळापत्रक तयार झालं. त्यात ‘१०.१० ते १०.५०: आस्वाद’ आणि ‘१०.५० ते ११.०५: लघुशंका व छायाचित्रे’ अशा नोंदी होत्या. पंधरा मिनिटांत ही दोन कामं कोणत्या क्रमाने करायची, असं लेकीने विचारलं, तर जावयांनी ते खरोखरच लिहून घेतलं.

नाकवाल्यांना मात्र दर रविवारी नवी अडचण सुचायची. आधी टायर गुळगुळीत झाले. मग गुडघा धरला. मग भट्टी तीन दिवस थंड पडली तर विटा तडकतात, असं निघालं. वाइनने त्यांना पित्त होतं, हेही त्या महिन्यातच उघडकीला आलं. लेक म्हणाली, बाबांना घरातून हलायचंच नाही. जावयांनी ‘पित्त’ या शब्दासमोर दहा मिनिटं राखून ठेवली.

बाई काही दिवस हसण्यावारी नेत होत्या. चौथ्या रविवारी लेक-जावई गेल्यावर त्यांनी माझी घडी घालायला घेतली आणि मध्येच थांबल्या.

“माझ्याबरोबर तीन दिवस काढायचे म्हणजे एवढं जड जातं का हो तुम्हाला?”

नाकवाले वाट्या उचलून जागेवर ठेवायला लागले. बाईंनी मला तसंच अर्धवट दुमडून टेबलावर टाकलं आणि त्या शिवणयंत्रापाशी जाऊन बसल्या. ते यंत्र त्या संध्याकाळी फार जोरात चाललं.

खरं कारण मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. घरात कोणी नव्हतं. नाकवाले टेबलाशी आले, मला दोन्ही हातांनी उचललं आणि चेहऱ्याजवळ नेलं. मला वाटलं, मुका घेतायत. आमच्या जातीत असं कोणाचं नशीब उघडल्याचं ऐकलं नव्हतं, म्हणून मी जरा ताठ झालो. पण ते मला हुंगत होते. छपाईच्या शाईचा वास चांगला उग्र असतो. त्यांनी दोनदा हुंगलं आणि मला खाली ठेवलं. मग व्हॅनिलाची बाटली उघडली. मग कांदा चिरून नाकाशी धरला. मग फिनेल. शेवटी, पायातली चप्पल काढून तिचाही वास घेतला. बेकरीत बारा तास पायात असलेली ती चप्पल. कोणाही धडधाकट माणसाने मान मागे घेतली असती. नाकवाले तिच्याकडे नुसते बघत बसले.

आठवडाभराने ते फुटलंच. बाई खालच्या मजल्यावर गेल्या होत्या. गॅसवर दूध होतं आणि नाकवाले माझ्यासमोर पेन्सिल घेऊन बसले होते, बायकोचा राग जावा म्हणून मळे बघतोय असं दाखवायला. दूध उतू गेलं, आटलं, करपलं, पातेलं काळं पडलं. पाठीमागे धूर साचला तरी नाकवाले सहाव्या घोसावरच होते. वास जिन्यापर्यंत गेला तशा बाई धावत वर आल्या. गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि नवऱ्याकडे बघितलं. हातभर अंतरावर पातेलं जळत होतं आणि हा माणूस नकाशा वाचत होता.

बाई खुर्ची ओढून समोर बसल्या. “कधीपासून?”

“तो ताप आला होता ना, तेव्हापासून.”

ताप येऊन सात महिने झाले होते. मग त्यांनी सगळं सांगितलं. ताप उतरला आणि नाक गेलं ते परत आलंच नाही. जिभेला नुसतं गोड, आंबट, खारट, कडू तेवढं कळतं. पाव झाला की नाही, हे ते आता पावाच्या पाठीवर टिचकी मारून आवाजावरून ठरवतात आणि खिशात गजराचं घड्याळ ठेवतात. मध्यंतरी लेक नसताना दोन ट्रे जळले तेव्हा त्यांनी भट्टीचा काटा बिघडलाय म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं आणि त्या बिचाऱ्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. त्याचं त्यांना अजून वाईट वाटत होतं. आणि ही सहल. “तिथे सगळे ग्लासात नाक खुपसून मोठमोठं बोलणार,” ते म्हणाले. “मी काय खुपसू?”

आता बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवतील, असं मला वाटलं होतं. पण त्यांनी मागचा हिशेब काढला.

“म्हणजे माझं नवीन अत्तर तुम्हाला फार आवडलं होतं, ते?”

“छानच असणार, असं वाटलं.”

“आणि लेकीचा केक करपला होता, तेव्हा काय खमंग झालाय म्हणालात?”

नाकवाल्यांनी मान खाली घातली. बाईंना आधी राग आला आणि मग हसू आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे डोळ्यांत पाणी आलं. सहल रद्द करू, असं नाकवाले म्हणायला लागले तेव्हा त्यांनी टेबलावर हात आपटला. माझा बारावा घोस त्याखाली दबला. जायचंच, त्या म्हणाल्या. नाक माझं, तोंड तुमचं.

लेक-जावयांना त्यांनी एवढंच कळवलं, की आम्ही दोघंच जातोय. जावई दुखावले. निघताना त्यांनी वेळापत्रक गाडीच्या काचेतून आत दिलं. बाईंनी त्याच्यावर दोन दिवस सँडविच ठेवले.

गाडी बाई चालवणार होत्या, म्हणून त्या नुसता वास घेणार आणि नाकवाले पिणार, असं ठरलं. पहिल्या मळ्यात कडक इस्त्रीच्या शर्टातल्या एका तरुणीने ग्लास भरले आणि सांगितलं, की यात तुम्हाला रानफळं जाणवतील, पावसाने भिजलेली माती आणि मागून किंचित व्हॅनिला. रांगेतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यात जोरात नाकवाल्यांनी. मग बाईंनी ग्लास हुंगला आणि त्यांच्या कानाशी लागून म्हणाल्या, “रानफळं वगैरे काही नाही. तुमच्या थोरल्या बहिणीचं कपाट आठवतंय? शालींचं? तेच.”

नाकवाल्यांच्या तोंडात घोट होता. त्यांना हसू फुटलं आणि वाइन नाकातून बाहेर आली. सात महिन्यांत त्या नाकाने केलेलं हे पहिलं काम.

तिथून पुढे बाईंनी पेन्सिल घेतली आणि माझ्यावर घोसाघोसाशी लिहायला लागल्या. चार: नवा टायर आणि पेरू. सात: ओले मोजे, पण स्वच्छ माणसाचे. नऊ: डॉक्टर यायच्या आधीचा दवाखाना. नाकवाले घोट घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, हां, आठवला. अकरावर पोचल्यावर बाईंनी अतिथीगृहाचे पडदे बघितले. चार बोटं आखूड होते. तिथल्या व्यवस्थापकाने सांगितलं, की तीन वर्षांत एकाही पाहुण्याने तक्रार केलेली नाही. तरी त्यांनी पर्समधून सुई-दोरा काढला आणि दुपारभर बसून अठरा पडद्यांची खालची दुमड उसवून, सोडून, परत शिवली. नाकवाले शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होते. सहलीला आलेली माणसं असं कुठे करतात, हे मला माहीत नाही. पण दोघं मजेत होते.

तिसऱ्या दिवशी एकोणिसावा मळा सापडला. नदीत नव्हता. मालक आता थकले होते आणि सगळं त्यांची बहीण बघत होती. खरबरीत हातांची, कमी बोलणारी. बाई कुजबुजतायत, नाकवाले हसतायत, हे तिने थोडा वेळ बघितलं आणि सरळ विचारलं, की काय चाललंय. बाई काही सांगणार, एवढ्यात नाकवालेच बोलले.

“मला वास येत नाही. मी बेकरी चालवतो आणि मला वास येत नाही.”

मालकांच्या बहिणीने हळहळ दाखवली नाही. त्यांना तळघरात नेलं आणि एका पिंपाकडे बोट दाखवून म्हणाली, कान लावा. नाकवाल्यांनी कान लावला. आत रस आंबत होता आणि बारीक बुडबुडे फुटत होते. असा आवाज ते चाळीस वर्षं कणकेच्या परातीतून ऐकत आले होते. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले. मग म्हणाले, हे अजून दोन दिवस चालेल. तिने झाकण उचलून आत बघितलं, आणि तीन, म्हणाली. त्यावर दोघांनी पाच मिनिटं वाद घातला. एकमेकांचा धंदा ओळखणारी माणसं भांडतात तसा, अगदी आदराने. बाईंनी माझ्यावर काहीच लिहिलं नाही. त्या पायरीवर बसून नवऱ्याचं भांडण ऐकत होत्या.

घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नाकवाल्यांनी लेकीला भट्टीपाशी बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं. ती आधी रडली, मग केकवरून चिडली. त्या दिवसापासून वास ती घेते आणि टिचकी ते मारतात. दुरुस्तीवाल्याची माफी मागायला ते स्वतः गेले. डॉक्टर म्हणतात, नाक येईलही किंवा नाहीही. एवढंच सांगायला इतकं शिकावं लागतं, याचं बाईंना नवल वाटतं.

मला त्यांनी बेकरीत आतल्या भिंतीवर लावलंय. माझ्या नदीत मैदा साचलाय, हिरवा मार्कर उडालाय, रस्ते पुसट होत चाललेत. उद्या मला काढून टाकलंत तरी माझी तक्रार नाही. फक्त त्याआधी बाईंची पेन्सिलीची अक्षरं एकदा कोणीतरी नाकवाल्यांना मोठ्याने वाचून दाखवा. त्यांच्या उजव्या बाजूला उभं राहून वाचा. डाव्या कानाने त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, आणि ते त्यांनी अजून घरात सांगितलेलं नाही.